कुलूप पोरीच्या फोनला, घर मात्र उघडंच

मोबाइल आणि इंटरनेटच्या धोक्यांचा विषय निघाला की आपल्या जमातीत एक उपाय ठरलेला असतो. मुलीच्या हातातून फोन काढून घ्या. इज्तेमा असो, शादीखान्यातली बैठक असो किंवा जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर रंगलेली चर्चा, गाडी फिरून तिथेच येते. पोरी बिघडल्या, इन्स्टाग्रामने बिघडवल्या, कॉलेजला पाठवलं म्हणून फोन द्यावा लागला आणि फोन दिला म्हणून हे सगळं झालं. मग कुणीतरी पुढचं सुचवतो. कॉलेजच बंद करा, लग्न उरकून टाका. बोलणारे सगळे पुरुष असतात. प्रत्येकाच्या खिशात किमान एक स्मार्टफोन असतो. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

गेली काही वर्षं मोहल्ल्यात फोनचं, बँकेच्या अ‍ॅपचं किंवा ऑनलाइन फॉर्मचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात. मी पोलीस नाही, संगणकतज्ज्ञही नाही. थोडंफार कळतं आणि ऐकलेलं बाहेर बोलत नाही, एवढीच माझी पात्रता. या काळात माझ्यासमोर आलेली माणसं डोळ्यांपुढे आणतो. हजसाठी साठवलेली रक्कम एका फोन कॉलवर गमावलेले निवृत्त शिक्षक. व्हिडिओ कॉलच्या ब्लॅकमेलमध्ये अडकलेला तिशीतला दुकानदार. मोबाइल गेममध्ये वडिलांच्या खात्यातले पैसे उडवलेला सातवीतला मुलगा. एका स्टेटसपायी पोलीस ठाण्यात रात्र काढलेला पोरगा. मुलीही आल्या. पण बहुतेकींच्या बाबतीत गुन्हा दुसऱ्याचा होता आणि शिक्षा घरच्यांनी त्यांना दिली होती.

म्हणून स्पष्ट लिहितो. मुलीचा फोन काढून घेतल्याने घर सुरक्षित होत नाही, उलट अधिक असुरक्षित होतं. आणि ज्या फोनांवर खरोखर लक्ष ठेवायला हवं, ते बहुतेक वेळा आपल्या, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या हातात असतात.

ब्लॅकमेल करणाऱ्याचं भांडवल

एखाद्या मुलीला धमकावणाऱ्याकडे नेमकं काय असतं ते बघा. एक फोटो असतो. कधी खरा, कधी बनवलेला. काही वेळा नुसतं चॅटिंग असतं. त्या फोटोला बाजारात काही किंमत नसते. किंमत येते ती एका वाक्यामुळे, ‘तुझ्या अब्बांना पाठवतो.’

आता दोन घरं डोळ्यांपुढे आणा. एका घरात मुलीला खात्री आहे की, अब्बांना कळलं तर ते आधी रागावतील, पण नंतर चप्पल घालून तिच्यासोबत पोलीस ठाण्यात येतील. त्या घरात धमकी पहिल्या दिवशीच मरते. दुसऱ्या घरात मुलीला हेही पक्कं माहीत आहे की, अब्बांना कळलं तर फोन जाईल, कॉलेज जाईल, भाऊ हात उगारेल आणि दोन महिन्यांत निकाह लागेल. त्या घरात धमकीला वाटेल तेवढी किंमत आहे. मुलगी पैसे देईल, अम्मीचा दागिना विकेल, आणखी फोटो पाठवेल, नको त्या ठिकाणी भेटायला जाईल. तिचा छळ बाहेरचा माणूस करतो, पण त्याला लागणारी भीती आपण घरात तयार करून ठेवलेली असते.

यावर ठरलेलं उत्तर येतं की, फोनच नसता तर फोटोच नसता. हे २००५ साली कदाचित चाललं असतं. आज मुलीचा फोटो तिच्याच फोनमध्ये असावा लागत नाही. तो चुलतभावाच्या लग्नाच्या व्हिडिओत असतो, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फेसबुक पेजवर असतो, खालाच्या स्टेटसवर असतो, झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात राहून गेलेल्या आधार कार्डावर असतो. आणि एआयच्या साधनांनी एका साध्या चेहऱ्यावरून वाटेल तसा नग्न फोटो काही मिनिटांत तयार होतो. ज्या मुलीने आयुष्यात सेल्फी काढली नाही, तिचाही होतो. फरक एवढाच की, फोन नसलेल्या मुलीला आपल्या नावाने काय फिरतंय हे सगळ्यात शेवटी कळतं. तक्रार कुठे करायची, पुरावा कसा जपायचा, हे तिला कधी माहीतच झालेलं नसतं.

जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाचं अ‍ॅप उघडकीस आलं. १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ आलं. दोन्ही गिटहब या व्यासपीठावर होती आणि दोन्हींवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. पत्रकार, वकील, विद्यार्थिनी, कार्यकर्त्या, एक वैमानिकसुद्धा त्यात होत्या. मुसलमान असणं आणि जाहीरपणे बोलणं, एवढाच त्यांचा दोष. त्या दिवसांत आपल्याच काही गटांमध्ये फिरणारी वाक्यं मला अजून आठवतात. ‘फोटो टाकायचेच कशाला?’ ‘पडद्यात राहिल्या असत्या तर?’ विकृती करणारा कुणी दुसरा आणि आपण जाब विचारत होतो तो आपल्याच बहिणींना.

त्या स्त्रियांनी फोन फेकून दिले नाहीत. त्यांनी स्क्रीनशॉट ठेवले, फिर्यादी दिल्या, जाहीरपणे लिहिलं, पाठपुरावा केला. बुल्ली बाई प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांत अटका केल्या, दिल्ली पोलिसांनीही केल्या. पकडले गेले ते विशीच्या आसपासचे विद्यार्थी होते. या बायका घाबरून घरात बसल्या असत्या, तर तिसरं अ‍ॅपही आलं असतं. ऑनलाइन सुरक्षेचा आपल्यासाठी यापेक्षा मोठा धडा नाही, आणि तो आपल्याला बायकांनी शिकवला.

पुरुषांच्या फोनचं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ३३ टक्के स्त्रियांनी आणि ५७ टक्के पुरुषांनी आपण कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. इंटरनेटवर जास्त पुरुष आहेत, बँकेची अ‍ॅप पुरुषांच्या फोनमध्ये आहेत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन पुरुष आहेत. मग घराचं नुकसान व्हायची शक्यता कुणाच्या फोनवरून जास्त?

देशात २०२४ या एका वर्षात लोकांनी सायबर फसवणुकीत २२ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम गमावली, असं सरकारनेच संसदेत सांगितलं. ‘डिजिटल अरेस्ट’ हा त्यातला एक प्रकार. फोन येतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, किंवा तुमच्या आधारवर काढलेलं सिम गुन्ह्यात वापरलंय. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस येतो, मागे पोलीस ठाण्याचा देखावा असतो. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, ‘तपासणीसाठी’ सगळे पैसे अमुक खात्यात टाकायचे. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं. तरी लोक फसतात.

यात आपल्या समाजाची एक वेगळी बाजू आहे, ती कुणी बोलत नाही. ‘तुमच्या खात्यातून दहशतवाद्यांना पैसे गेलेत’ हे वाक्य एखाद्या जोशीकाकांना ऐकवलं तर ते आधी चिडतात. तेच वाक्य एखाद्या शेखचाचांना ऐकवलं तर त्यांचे पाय लटपटतात. वर्षानुवर्षं निर्दोष पोरं तुरुंगात सडून सुटल्याच्या बातम्या त्यांनी वाचलेल्या असतात. आपलं कुणी ऐकणार नाही, हे त्यांनी मनात धरलेलं असतं. ठगाला नेमकी हीच भीती लागते. आणि पैसे गेल्यावरही हे चाचा पोलिसांकडे जात नाहीत, कारण चौकशी आपल्यावरच उलटेल असं वाटतं. ज्या समाजाला पोलिसांची भीती सगळ्यात जास्त, त्याला खोट्या पोलिसांनी लुटणं सगळ्यात सोपं.

दुसरा प्रकार अनोळखी व्हिडिओ कॉलचा. रात्री अकराला अनोळखी नंबरवरून कॉल येतो, पलीकडे कपडे उतरवणारी बाई दिसते आणि इकडे स्क्रीन रेकॉर्ड होते. दुसऱ्या दिवशी ‘सीबीआय अधिकारी’ किंवा ‘यूट्यूबचा माणूस’ फोन करून पैसे मागतो. या सापळ्यात प्रामुख्याने पुरुष आणि तरुण मुलगे अडकतात. पाच वेळचे नमाजी अडकतात, निवडणूक लढवलेले अडकतात. मोहल्ल्यात मात्र असा एकही पुरुष मी पाहिला नाही, ज्याचा फोन घरच्यांनी काढून घेतला किंवा ज्याला घराबाहेर पडायची बंदी झाली. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. आपण तकरीर मात्र दुसऱ्या आयतीपासून सुरू करतो.

एका स्टेटसची किंमत

घरावर येणारं सगळ्यात मोठं संकट आज कुठून येऊ शकतं, असं मला विचारलं तर मी मुलीच्या इन्स्टाग्रामकडे बोट दाखवणार नाही. मी मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसकडे दाखवेन.

मे २०२३ मध्ये अकोल्यात एका सोशल मीडिया पोस्टवरून दंगल झाली, एकाचा जीव गेला. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि आत एक तरुण मारला गेला. त्याआधी जून २०१४ मध्ये पुण्याच्या हडपसरला, फेसबुकवरच्या बदनामीकारक मजकुरावरून पेटलेल्या वातावरणात, नमाजहून परतणाऱ्या आयटी क्षेत्रातल्या तरुणाला ठार केलं गेलं. त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले.

ही हिंसा करणाऱ्यांची जबाबदारी त्यांचीच आहे. एका पोस्टसाठी कुणाची वस्ती जाळण्याचा अधिकार कुणालाच नाही, हे मी हजार वेळा लिहीन. कायदाही सगळ्यांना सारख्या तत्परतेने लागत नाही, हेही आपण बघतोच. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली. एकीने बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल प्रश्न विचारला होता, दुसरीने तो ‘लाइक’ केला होता. नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती वेगळी. त्या प्रकरणातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ विरुद्ध लढा उभा राहिला आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. म्हणजे विचार मांडायचा हक्क आपल्यालाही आहे आणि तो सोडायचा नाही.

पण विचार मांडणं वेगळं आणि सतरा वर्षांच्या पोराने ईर्षेपोटी कुणालातरी डिवचणारं स्टेटस ठेवणं वेगळं. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ आणि २९९ त्या पोराचं करिअर सुरू होण्याआधीच संपवू शकतात. ऐनवेळी वकिलाची फी कुणी देत नाही. ज्या चाचाने त्याला ते चित्र फॉरवर्ड केलं होतं, तो ग्रुप सोडून गेलेला असतो.

फॉरवर्डचा दुसरा चेहरा धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवला. १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून कुणीतरी ‘काळजीपोटी’ पुढे ढकललेल्या असतात. बातमी आली की तिची खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं नुकसान कराल आणि पस्तावाल, अशी शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे. ही सूरह आपल्याकडे अनेकांना पाठ असते. सकाळी तिलावत करून उठणारा माणूस चहा होईपर्यंत पंधरा खोटे मेसेज पुढे पाठवतो, याला काय म्हणायचं?

राखणदारांपासून राखण

२०२३ च्या सुमारास ‘भगवा लव्ह ट्रॅप’ नावाची आवई आपल्या समाजात पसरली. हिंदू मुलं ठरवून मुस्लिम मुलींना जाळ्यात ओढतात, असा तिचा मथितार्थ. समोरच्यांच्या ‘लव्ह जिहाद’ची ही हुबेहूब नक्कल होती. मग काही शहरांत आपलीच पोरं राखणदार झाली. बुरखा किंवा हिजाब घातलेली मुलगी कुणा मुलासोबत दिसली की अडवायचं, नाव-गाव विचारायचं, मोबाइलने शूटिंग करायचं, व्हिडिओ पसरवायचा. ती मुलगी वर्गमित्रासोबत होती की सहकाऱ्यासोबत, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

मला सांगा, सुल्ली डील्सवाल्यांनी काय केलं होतं? मुस्लिम मुलीचा चेहरा तिच्या परवानगीवाचून लोकांपुढे टाकला. या राखणदारांनी काय केलं? तेच. स्त्रीवर आळ घेणाऱ्याने चार साक्षीदार आणले नाहीत, तर शिक्षा आळ घेणाऱ्यालाच सांगितलेली आहे. हजरत आयशा यांच्यावर घेतलेल्या खोट्या आळाचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ती कुजबुज पुढे नेणाऱ्यांना किती कडक शब्दांत सुनावलं गेलं तेही ऐकतो. आज ती कुजबुज व्हिडिओच्या रूपात येते आणि आपण तिला ‘कौमची फिक्र’ म्हणतो.

चोरून पाहणं म्हणजे काळजी नव्हे

आता घराच्या आत येऊ. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत कर्ता माणूस आखातात असतो. महाड, चिपळूण, दापोलीकडच्या गावांत रात्री बोटिमवर किंवा इमोवर दुबई, मस्कत, कुवेतचे कॉल चालू असतात. दूर राहणाऱ्या माणसाला काळजी वाटते, हे समजू शकतो. पण त्या काळजीपोटी बायकोच्या फोनमध्ये लोकेशनचं अ‍ॅप टाकलं जातं, मुलीचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनला गुपचूप जोडून वाचलं जातं. ‘हे कसं करतात?’ असं विचारणारे लोक माझ्याकडेही येतात. मी करून देत नाही.

त्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे एकमेकांची टेहळणी करू नका, हे त्याच सूरह हुजुरातमध्ये आहे, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं आहे. तो हक्क घराच्या उंबरठ्याबाहेर राहत नाही. दुसरं कारण व्यवहाराचं. चोरून लक्ष ठेवणारी अशी अ‍ॅप बहुतेक वेळा प्ले स्टोअरबाहेरून घ्यावी लागतात. त्यांना फोनमधल्या प्रत्येक गोष्टीची परवानगी द्यावी लागते. म्हणजे मुलीचे फोटो, संपर्क, संदेश कुणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर आपण स्वतःच्या हाताने नेऊन ठेवतो.

‘मग लक्षच ठेवायचं नाही का?’ ठेवायचं, जरूर ठेवायचं. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात फोन देऊन बाप निर्धास्त झोपत असेल तर तो जबाबदारी टाळतोय. लहान मुलांसाठी पालकांच्या नियंत्रणाची सोय फोनमध्ये असते, ती उघडपणे, मुलाला सांगून वापरावी. रात्री सगळ्यांचे फोन, अब्बांचासुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. पण नऊ वर्षांचं मूल आणि एकोणीस वर्षांची कॉलेजला जाणारी मुलगी यांत फरक आहे. आणि नियम मुलीला एक, मुलाला दुसरा असेल, तर तो सुरक्षेचा नियम नाही.

आधी सांगेल त्याला माफी

माझं म्हणणं एका नियमात बसतं. घरात जो आधी येऊन सांगेल, त्याला शिक्षा नाही. अब्बांनी ओटीपी दिला असेल, भावाने नको तो कॉल उचलला असेल, मुलीने विश्वासाने कुणाला फोटो पाठवला असेल, सांगितल्यावर आधी संकट निस्तरायचं. रागवारागवी नंतर.

हा भाबडा चांगुलपणा नाही, सायबर गुन्ह्यात सगळं गणितच वेळेचं आहे. पैसे गेल्यावर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवलं, तर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जाण्याआधी मध्येच रोखता येतात. रात्र गेली की ते दहा खात्यांत विखुरलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर पुढे जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची. कायदा लवकर सांगणाऱ्याच्या बाजूने आहे. आपली घरं मात्र सांगणाऱ्यालाच झोडतात. म्हणून लोक तीन दिवस गप्प बसतात आणि चौथ्या दिवशी हाती काही उरत नाही.

ब्लॅकमेल झालं तर पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. चॅट पुसायचं नाही, तोच पुरावा असतो. नंबर, प्रोफाइलची लिंक, पैसे मागितलेल्या खात्याचा तपशील यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. परवानगीवाचून खासगी चित्रं काढणं किंवा पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई आणि ६७ खाली गुन्हा आहे, खंडणी वेगळी. पीडित अठराच्या आतली असेल तर पोक्सो लागतो. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत आंतरराष्ट्रीय सेवा फोटोचा डिजिटल ठसा आपल्याच फोनवर तयार करते. फोटो कुणाला पाठवावा लागत नाही आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळवून चित्र रोखतात. ही माहिती प्रत्येक मुलीला तोंडपाठ असायला हवी. त्यासाठी तिच्या हातात फोन असायला हवा.

बाकी कामं अर्ध्या तासाची आहेत. व्हॉट्सअ‍ॅपला सहा अंकी पिनचं दुहेरी कुलूप लावा. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये आपलं खातं आणखी कुठे उघडं आहे का, ते बघा. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते तपासा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या दादीलासुद्धा शिकवा. ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर एवढं लक्षात ठेवा की, सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला आपोआप गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण त्यात सामील असाल तर सुटका नाही. आणि पोरांना बसवून सांगा की, स्टेटस ठेवण्याआधी एकदा घरात दाखवा. स्वतःही दाखवा.

जमातीच्या जबाबदार मंडळींकडे माझी मागणी आहे. मुलींच्या मोबाइलवर ठराव करायचे बंद करा. हा रोग आपल्यापुरता नाही. जुलै २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या १२ गावांनी अविवाहित मुलींना मोबाइल वापरायला बंदी केली होती. दुसऱ्यांची मागासलेली गोष्ट उचलायची आपल्याला काही गरज नाही. त्याऐवजी जुम्याच्या खुतब्याआधीच्या तकरीरमध्ये महिन्यातून एकदा १९३० हा नंबर सांगा. मदरशाच्या किंवा शाळेच्या एका खोलीत आठवड्यातून दोन तास अशी जागा ठेवा, जिथे शिकलेल्या दोन मुली बसतील आणि ज्यांना फोनची अडचण आहे, जी घरात सांगता येत नाही, त्या बायका निर्धास्त येतील. भगवा ट्रॅपच्या नावाने शूटिंग करणाऱ्या पोरांना मशिदीच्या दारात उभं करून जाब विचारा. आणि फसवणूक झालेल्या माणसासोबत पोलीस ठाण्यात जायला चार जण तयार ठेवा. एकट्याने जायची भीती आपल्याकडे खरी आहे, चार जण सोबत असले की ती निम्मी होते.

मुलीचा फोन काढून घ्यायला दोन मिनिटं लागतात आणि आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. मुलीला घरात येऊन खरं सांगता यावं, असं घर करायला वर्षं लागतात. तुमच्या घरात आज रात्री कुणाला अशी धमकी आली, तर ते माणूस आधी तुमच्याकडे येईल की तुमच्यापासून लपवेल? जेवताना घरच्यांनाच विचारून बघा. आणि उत्तर काहीही आलं तरी रागावू नका.